रेडिओवरचा वन्स मोअर

एका गाजलेल्या संगीत नाटकातलं लग्न माझ्यामुळे राहून गेलं.

तेव्हा मी नुकताच बी.ए. होऊन नागपूरच्या महाल भागात खोली घेऊन राहत होतो. उमरेडच्या आमच्या विणकर घराण्यातला पहिला पदवीधर! ते नाटक, फक्त पदं आणि मोजके संवाद अशा रूपात, रेडिओवरून थेट प्रसारित होणार होतं. नायकाच्या मित्राचं एक पद मला मिळालं. नीट झालं तर पुढेही बोलावू, असं रेडिओ केंद्रावरचे साहेब म्हणाले होते.

स्टुडिओत आमच्यासमोर थोडे निमंत्रित श्रोते बसणार होते. मी बाबांना उमरेडहून बोलावून घेतलं. हातमागावर वाकून ज्यांनी मला शिकवलं, त्यांना पहिल्या रांगेत बसवायचंच होतं. लाल दिवा लागला की खोकायचंसुद्धा नाही, असं साहेबांनी सगळ्यांना बजावलं. बाबांनी इतक्या गंभीरपणे मान डोलावली, की मी निर्धास्त झालो. (तिथेच चुकलं.)

पद संपलं. बरं झालं असावं, कारण त्या शांततेत बाबांचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

बाबा फिरत्या नाटक कंपन्यांच्या तंबूत जमिनीवर बसून गाणं शिकलेले. तिथे वन्स मोअर आला की नटानं पद पुन्हा म्हणायचं. न म्हटलं तर तो प्रेक्षकांचा अपमान. मलाही त्यांनी हेच शिकवलेलं. काचेपलीकडून साहेब दोन्ही हातांनी नाही-नाही करत होते. मी बाबांकडे पाहिलं. या माणसानं आजवर माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तबलजी बिचारा काय करणार, मागोमाग आला. या खेपेला मी ताना जरा जास्तच घेतल्या!

वेळ संपली तेव्हा नायिका रुसलेलीच होती, आणि बातम्या लागल्या. साहेब तरातरा माझ्याकडे आले, तर बाबा मध्ये उभे. "त्याले काहून बोलता साहेब? मांगतलं तं मी."

मला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना पोचवायला उमरेडला गेलो. आळीतले सगळे माग थांबवून लोकांनी कार्यक्रम ऐकला होता म्हणे. मी आईला हळूच विचारलं, "कसं झालं वं पद?"

तिनं आधी चहा माझ्या हातात दिला.

"दोनदा ऐकलं गा. पण तुह्या बापाचाच आवाज साफ आला."