परटीणबाईंची हळद

मुलांनो, अल्कधर्मी म्हणजे काय, असं तुम्ही पत्रात विचारलंत. व्याख्या पुस्तकात आहेच. मला तो शब्द खरा कळला स्वातंत्र्याच्या आधी, सांगलीत, आमच्या परटीणबाईंमुळे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आज लाज वाटते.

बाई ताठ चालत. एरवी प्रत्येक वाक्याशेवटी ‘व्हय का न्हाई?’ विचारत आणि उत्तराला थांबत नसत.

तुमची आई तेव्हा दोन महिन्यांची होती. लंगोटाखाली तिची कातडी सोलवटली होती. सासूबाई माझ्या खाण्याला दोष देत. मिरजेच्या डॉक्टरांचं मलमही लागू पडेना. परटीणबाईंनी बाळाला पाहिलं, स्वतःच धुऊन आणलेला लंगोट ओला केला आणि त्यावर हळदीचं बोट टेकवलं. पिवळा ठिपका बघताबघता लाल झाला.

“आवं आईसाब, सुनंला कशापायी बोलताय? सोडा ऱ्हायलाय कापडात. चूक माजी हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “कालिजात हळद शिकवत न्हाईत व्हय?”

सोडा, राख, चुना यांचा गुण आंबटाच्या उलट, म्हणजे अल्कधर्मी; त्यात हळद लाल होते. कॉलेजात मी तो लिटमसच्या कागदावर पाहिला होता. घरची हळद सुचली नव्हती.

बाई गप्प राहिल्या असत्या तर चूक कुणालाच कळली नसती. कबूल केल्यावर आमच्या घरचं काम सुटलं असतं. तरी सगळे लंगोट त्यांनी कृष्णेच्या वाहत्या पाण्यात पुन्हा खळबळून आणले आणि सासूबाईंसमोर हळद लावून दाखवली. ती पिवळीच राहिली. आठवड्यात बाळाची कातडी निवळली.

त्यातला एक लंगोट माझ्या ट्रंकेत आहे. त्यावरचा डाग अजून पिवळा आहे.