डाव्या दारातला आवाज

दोनच माणसांची गाडी घेणारा एक तर श्रीमंत असतो, नाही तर मूर्ख. मी कॉलेजात भूगोल शिकवत होतो, त्यामुळे मी कोण ते वेगळं सांगायला नको. वाळूजच्या कारखान्यातल्या एका साहेबाची बदली झाली आणि त्याची वीस वर्षं जुनी पिवळी स्पोर्ट्स कार मी घेऊन टाकली. इतकी बुटकी, की आत शिरायचं म्हणजे आधी वाकून नमस्कार घालावा लागे. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "पोरांना काय टपावर बसवणार?" तरी त्या गाडीवर माझा फार जीव होता. अजूनही आठवली की हळहळ वाटते.

तिला समजून घेणारा माणूस शहरात एकच, पडेगावच्या रस्त्यावरचे कडूबा मिस्त्री. घराणं बिडकीनकडचं, मेंढरं राखणारं. बहात्तरच्या दुष्काळात कळप विकावा लागला आणि कडूबा शहरात आले, मोंढ्याजवळच्या एका उस्तादांच्या गॅरेजात लागले. उस्ताद सांगायचे, "कान पैले, हात बाद में." कडूबांना ते नवं नव्हतंच. कोणती मेंढी मागं राहिली हे ते गळ्यातल्या घंटीवरून सांगायचे, तसंच इंजिनाचं दुखणं सांगायला लागले. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की हात वर करून त्याला गप्प करायचे. "तुमी थांबा. तिला बोलू द्या."

खडखडाट शोधायची त्यांची एक रीत होती. जुन्या घोंगडीचे तुकडे घ्यायचे, एकेका फटीत घट्ट कोंबायचे आणि गाडी फिरवून आणायची. ज्या तुकड्यानं आवाज बंद होईल, चोर तिथंच. मी कौतुकानं बघत बसायचो. कॉलेजला उशीर व्हायचा, पण ती मजा वेगळीच होती.

तो २०१३चा उन्हाळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. पावसानं पाठ फिरवलेली, आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी, रस्त्यावर टँकरांची रीघ. प्यायला पाणी नव्हतं आणि शहर मात्र चारी बाजूंना वाढतच चाललं होतं. टँकरांनी आणि खडीच्या ट्रकांनी रस्त्याची चाळण केली होती, आणि प्रत्येक खड्ड्यात माझी गाडी खुळखुळत होती.

मिस्त्री शेजारी बसले. शरणापूर फाट्यापर्यंत जाऊन आलो. तुकडे कोंबून झाले. "गेला बगा आवाज," ते म्हणाले. मी घरी निघालो, तर पहिल्याच खड्ड्यात खुळखुळ. आठवड्यानं पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर आवाज चालू असताना ते माझ्या शेजारी बसून ठामपणे सांगत होते, "आता नाय येत."

गॅरेजपाशी उतरताना माझं डोकं फिरलं. "मिस्त्री, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

आपण दिवसातून दहा जणांना म्हणतो, तसंच म्हणालो. पण त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. हातातला पाना त्यांनी फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं ज्या कानांवर हा माणूस जगला, ते कान त्याला सोडून चालले होते. आणि ते त्याला ठाऊक होतं.

त्यांची बायको राजाबाई भाकरी घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं. डबा फळीवर ठेवला, पदर खोचला आणि सरळ गाडीपाशी आली. "सर, मला बसवा. एक चक्कर मारा."

"तू काय करणार बसून?" मिस्त्री वैतागले.

"मेंढरं काय तुमी एकट्यानंच राखली व्हय?"

गाडीत जागा दोघांचीच. मिस्त्रींना रस्त्यावर उभं राहावं लागलं. आरशात पाहिलं, तर हात मागं बांधून ते उभे होते. मग मध्ये टँकर आला.

राजाबाई त्या बुटक्या सीटवर मांडी घालून बसली, डोळे मिटले. मी काही बोलायला गेलो, तर तिनंही तस्साच हात वर केला. दोन खड्डे गेले. तिसऱ्याला तिनं दारावर, खालच्या अंगाला, पंजा ठेवला. "इथं हाय. तुमी बिरेक दाबला की पुढं पळतं."

परत येऊन मी मिस्त्रींना डावं दार म्हणून सांगितलं. ते मान हलवायला लागले. "ते नसंल. ते दार दिवाळीत मीच उघडलं व्हतं, काचेच्या कामाला." म्हणूनच त्या दाराला घोंगडी लागली नव्हती. आपल्याच हातच्या कामावर कोण संशय घेतो?

तरी त्यांनी दाराचं अस्तर काढलं, आत हात घातला, चाचपलं. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक नट होता.

"असू द्या मिस्त्री, होतं," मी म्हणालो.

"हा मपलाच नट, सर. हातातून सुटला असंल." त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला. "लोखंडावर लोखंड पडलं, आन् मला आवाज आला नाय."

मग बायकोकडे वळले. "तुला कवापासनं माहीत हाय?"

"वरीस झालं."

"बोलली कामून नाय?"

"काय बोलू? हाका मारायची सोडली म्या. जवळ येऊन खांद्याला हात लावते. तुमाला काय वाटलं?"

मिस्त्री त्या नटाकडे बघत राहिले. "मला वाटलं, म्हातारपणी माया वाढली."

राजाबाईनं पदर तोंडाला लावला. हसली की रडली, मी पाहिलं नाही. मला तिथं उभं राहायचीच लाज वाटत होती.

त्यानंतर गॅरेज आणखी चार वर्षं चाललं. पुढं रस्ता रुंद झाला आणि त्यात ते गेलं. माझी गाडीही गेली. आता तिथून जाताना नेमकी जागासुद्धा सापडत नाही. पण ती चार वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. गिऱ्हाईकाच्या शेजारी राजाबाई बसायची आणि मिस्त्री रस्त्याकडेला वाट बघायचे. गाडी परत आली की ती काच खाली करून ओरडायची नाही. आधी उतरायची, त्यांच्याजवळ जायची, खांद्यावर हात ठेवायची आणि मग सांगायची.