लाल आकड्यांची झाडं

अनगोळच्या आमच्या बागेत तोडायच्या झाडांवर लाल आकडे पडले आणि संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांत भांडण लागलं. कारंजं आणि पार्किंग हवं म्हणणारे एका बाकावर, झाडं हवीत म्हणणारे दुसऱ्यावर. मी दुसऱ्या बाकावरचा, आणि आवाज सगळ्यांत मोठा.

रोज येणारा एक म्हातारा मात्र कुठल्याच बाकावर बसायचा नाही. चपला काढायचा, आकडा घातलेल्या प्रत्येक झाडाला तळहात लावायचा आणि काहीतरी पुटपुटायचा. सतरा झाडं, सतरा वेळा. मला वाटलं, नमस्कार करत असेल. शेवटी एकदा विचारलंच, "आप्पा, काय बोलताय झाडासंगं?"

"आमच्या जांबोटीकडं झाड तोडायच्या आदल्या सांजेला त्याला सांगाय लागतंय बघा. पाखरांनी दुसरी जागा बघावी म्हणून. हितं तोडायचा दिवस कोण सांगंना. मग रोज सांगतोय."

मी इतके दिवस झाडांसाठी ओरडत होतो. एकाही झाडाला हात मात्र लावला नव्हता.

गेले आठ दिवस तो दिसत नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं, चौकशी तरी कुणाची करणार? बाकांवरचं भांडण चालूच आहे. काल मी त्यातून उठलो, चपला काढल्या आणि पहिल्या झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. वर पाखरांचा कलकलाट चालला होता. त्यांना जायला सांगायचं होतं.

माझ्या तोंडून आलं, "थांबा."