पडद्याआड तपासणारे डॉक्टर

नाना डॉक्टर गेल्याचं चुलत भावानं नेवाशाहून फोनवर कळवलं, तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी तिला सांगितलं. तिचा हात थांबला नाही. "बरं झालं," एवढंच म्हणाली आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं. नंतर काही आठवड्यांत त्यांच्यावर बरंच छापून आलं. लहान मुलांचे देवमाणूस, मृदुभाषी, कुठल्याही आईला कधी दुखावलं नाही… मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते खोटं नाही. लिहिणाऱ्यांना दोष देत नाही मी. त्यांनी पाहिले ते नंतरचे डॉक्टर. आम्ही आधीचे पाहिले होते.

तो बहात्तरचा दुष्काळ. आईवडील खडी फोडायच्या कामावर जायचे, घरी मी, माझा दीड वर्षाचा भाऊ विलास आणि आमची विधवा आत्या. नाना डॉक्टरांचा दवाखाना नेवाशात एसटी स्टँडजवळ होता. डॉक्टर तेव्हा तरुण होते आणि त्यांच्या हाताला गुण होता, हे आधी सांगायला हवं. लेकराच्या छातीला लावण्यापूर्वी ते नळीची चकती तळहातावर घासून ऊब आणायचे. सुई टोचली की इंजेक्शनची रिकामी बाटली खेळायला द्यायचे. माझ्याकडे तशा बाटल्यांचं आख्खं घर मांडलेलं होतं. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. पण पोरांच्या आयांसाठी मात्र त्या माणसाच्या जिभेला हाड नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा लेकराला डबा झाला, म्हणजे धाप लागून पोट खालीवर उडायला लागलं, की तापवलेल्या दाभणानं पोटावर डाग द्यायचे. डॉक्टरांचा याच्यावर भयंकर राग. राग बरोबरच होता, डाग चिघळून पोरं हकनाक जायची. पण तो काढायची त्यांची रीत वेगळी. तपासायचं टेबल बाकड्यांच्या समोरच होतं. सदरा वर केला आणि डाग दिसला, की ते सगळ्या बाकड्यांना हाक मारायचे, "या, बघा! या बाईनं लेकराच्या पोटावर भाकरी भाजलीय!" एकदा माझा कान फुटला म्हणून आई मला घेऊन गेली होती, तेव्हा एका बाईला त्यांनी असंच उभं केलं. तिनं पदर तोंडावर ओढला आणि सगळं बाकडं हसलं. माझी आईही हसली.

पुढे थंडीत विलासला खोकला झाला, ताप चढला. दुपारी त्याचं पोट उडायला लागलं. आईवडील कामावर. आत्यानं स्वतःची दोन लेकरं डब्यातच घालवली होती. ती घाबरली, तिनं चुलीत दाभण तापवलं. विलास किंचाळला तो आवाज मी अजून विसरलेली नाही… आत्या डाग देताना रडत होती, हेही विसरलेली नाही.

संध्याकाळी आई आली. आत्याला एका शब्दानं बोलली नाही. सकाळी विलासला घेऊन निघाली, उंबऱ्याशी तिनं त्याचं झबलं वर करून पाहिलं आणि माघारी फिरली.

वडील म्हणाले, "अगं, चल ना! येष्टी जाईल."

"वाळू द्या जरा," आई म्हणाली. "आसं वलं घिऊन गेले तर त्यो मानूस समद्यांपुढं हुभी करील मला."

"करू दे की!"

"तुमाला न्हाई करायचा. मला करील."

तिनं डागांवर खोबरेल आणि हळद लावली आणि दिवसभर विलासला मांडीवर घेऊन बसली. मधूनमधून झबलं वर करून बघायची. डाग काही वाळले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगावर पिणं सोडलं, तेव्हा कुठं आम्ही निघालो.

डॉक्टरांनी टेबलावर घेतलं, झबलं वर केलं आणि सवयीनं तोंड उघडलंच, "वा! आली आणखी एक भाकरीवाली…" मग नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. जागा बदलून पुन्हा लावली.

"कधीपासून होतं असं?"

"परवापासनं."

"मग काल का नाही आणलंस, बाई? काल आणायला काय झालं होतं?"

"डाग वाळत नव्हते," आई म्हणाली. "तुमी बोलता ना… म्हनलं, वाळले म्हंजे न्यावं."

बाकड्यावर कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी विलासचं झबलं खाली ओढलं, नीट केलं, आणि आईकडे न बघता आत निघून गेले.

विलास गेला. आमच्या घरी ते कधी आले नाहीत. माफीचा शब्द नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी कुठल्याही आईला काही म्हटलं नाही, डागाबद्दलसुद्धा नाही. बायका म्हणाल्या, डॉक्टर सुधारला. आणि म्हाताऱ्यांना रानच मोकळं झालं… "आता डाक्टर बी कायी म्हनत न्हाई," म्हणत त्यांनी दाभणं तापवली. आमच्या गल्लीतच त्यानंतर दोन लेकरं डागांपायी गेली. बोलून एक मारलं आणि गप्प बसून बाकीची. समजावून सांगणं नावाची मधली वाट असते, ती त्या शिकलेल्या माणसाला शेवटपर्यंत सापडली नाही. याबद्दल मला त्यांचा राग आहे, आणि ते गेले म्हणून तो कमी झालेला नाही.

गेल्या रविवारी आई म्हणाली, चल, डॉक्टरांच्या घरच्यांना भेटून येऊ. मी नको म्हटलं तरी ऐकेना. डॉक्टरांच्या मुलानं ओळखलं नाही, पण अगत्यानं दवाखाना दाखवला. तपासायच्या टेबलाभोवती हिरवा पडदा होता, धुऊन धुऊन विरलेला. मुलगा अभिमानानं म्हणाला, "सगळ्या तालुक्यात पहिला पडदा बाबांनी लावला. मी लहान होतो तेव्हा. म्हणायचे, लेकराचं पोट आईनं आणि डॉक्टरनं बघावं, तिसऱ्यानं नाही. कुठून सुचलं कोण जाणे."

आईनं पडद्याची कड हातात घेतली. बोटांनी चाचपली.

"माझ्या इलासचा हाय त्यो," ती म्हणाली.

मुलाला काही कळलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आमच्यासाठी चहा सांगायला तो आत गेला.