पांढरे कप आणि लाल गाल

त्या आठवड्यात गल्लीत एकच विषय चघळला जात होता: धाकटीचं कपांच्या गोदामवाल्याशी जमलंय. नवरा जहाजावर, महिनोन् महिने समुद्रात; आणि ही बाई भर दुपारी गोदामातून बाहेर पडली ती केस विस्कटलेली, गालातल्या गालात हसणारी, आणि तो गालही लालबुंद. लाल एकच होता, डावा. पण अफवेकडे दुसऱ्या गालाचा जाब कोण मागतो? ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, त्यांनी सगळ्यात जास्त तिखटमीठ लावलं.

पाहिलं होतं ते थोरलीनं, म्हणजे तिच्या सख्ख्या जावेनं, समोरच्या बसथांब्यावरून. थोरलीच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ. धाकटीनं तिथं वर्षानुवर्षं कपांवर फोटो छापले, यंत्रातून निघालेले तापलेले कप हातानं उचलले, आणि एक दिवस स्वतःचं यंत्र घेऊन घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. तेव्हा थोरली म्हणाली होती, "जा बाई, फेडून घे हौस. महिनाभरात परत येशीलच. तुझं स्टूल तसंच ठेवते हो काउंटरमागे."

धाकटीला त्या स्टुलाची इतकी धास्ती, की स्वप्नातही ते लंगडत मागे यायचं.

अफवा उठायच्या जरा आधी पोहण्याच्या क्लबच्या पोरी चषक जिंकून आल्या. त्यांच्या बाई धावतच दुकानात शिरल्या. "प्रत्येकीला एक कप, सगळ्यांचा फोटो छापलेला. शनिवारी समारंभ आहे. चांगलं झालं तर क्लबचं सगळं काम तुमच्याकडे."

धाकटीच्या मनात उकळ्या फुटल्या. गोदामातून कोऱ्या कपांचं खोकं आणून तिनं पहिला कप छापला. निळं पाणी, पिवळ्या टोप्या, बत्तिशी दाखवणाऱ्या पोरी. बघत राहावं असा. दुसरा काढला तर पोरी भुतासारख्या फिकट. ओलं फडकं फिरवलं आणि कप्तानाचं नाकच पुसून निघालं.

या छपाईच्या कपाला वरून एक पारदर्शक लेप लागतो. उष्णतेनं शाईची वाफ होते आणि त्या लेपात मुरते. लेप नसेल तर चित्र धरत नाही. आणि लेपाचा कप नि साधा कप शेजारी ठेवले तर जुळी भावंडं.

चांगला कप एका हातात, फिका दुसऱ्या हातात, अशी ती गोदामात थडकली.

गोदामवाल्यानं डोकं खाजवलं. "काकू, खोकी पडून फुटली होती. भरताना सरमिसळ झाली वाटतं. मला तर दोन्ही पांढरेच दिसतात. तुम्हीच निवडा. मी ट्रक उतरवून येतो."

ती एकटी उरली. समोर कपांचा डोंगर, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूब. बोटं फिरवून पाहिली. पण गरम कप उचलून उचलून बोटांचं कातडं इतकं निबर झालेलं, की त्यांना काच काय नि कागद काय. उकाड्यानं जीव नकोसा झाला. म्हणून तिनं गार वाटावं एवढ्यासाठी हातातला फिका कप गालाला लावला. सर्रकन घसरला. मग चांगला लावला. तो किंचित अडला, जरासा, कुणी बाही धरून "थांब ना" म्हणावं तसा.

धाकटीनं श्वास रोखला. पुन्हा फिका: घसरला. पुन्हा चांगला: अडला. मग काय विचारता, बाई पेटलीच. कप उचल, रुमालानं पूस, गालाला लाव. अडला तर इकडे, घसरला तर तिकडे. केसांत खोक्यांचं गवत अडकलं, त्याचं भान नाही. क्लबला पुरून उरतील एवढे कप निघाले तेव्हा ती एकटीच हसत होती.

शुक्रवारी थोरलीला राहवलं नाही. दुकानात शिरताच म्हणाली, "मेले, खरं सांग. काय चाललंय तुझं?"

"सांगते. आधी डोळे मिट."

थोरलीनं मिटले. धाकटीनं तिच्या गालाला एक कप लावला, मग दुसरा.

"अगंबाई! हा सुळकन गेला. आणि हा चिकटतोय."

"चिकटतोय तो छापायचा. ते बघ."

फळीवर ओळीनं पोरी हसत होत्या, एकीचंही नाक कमी नव्हतं. थोरली पर्स बाजूला ठेवून कप कागदात गुंडाळायला बसली. जरा वेळानं म्हणाली, "ते स्टूल तुला इकडेच पाठवून देते. गिऱ्हाइकांना बसायला होईल."

"आणि गल्लीत काय सांगणार आहेस?"

"काही नाही. बोलू देत. कप निवडायची युक्ती कळण्यापेक्षा ते बरं."

शनिवारी पोरींना कप मिळाले, क्लबचं काम धाकटीला मिळालं. अफवा मात्र अजून अधूनमधून डोकं वर काढते. धाकटीच्या बोटांना लेप कळत नव्हता, म्हणून ती कप गालावर घासत होती. त्यानं गाल लाल झाला. गोदामवाला सगळा वेळ बाहेर ट्रक उतरवत होता.