चुन्याची निवळी

विलायतेच्या मागणीनं कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा माझा नवरा अकोल्याच्या बाजारात दलाल झाला आणि रोज ढोसून घरी येऊ लागला. होळीपर्यंत त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. छावणीतल्या डॉक्टरनं उजव्या बरगडीखाली दाबून पाहिलं आणि बजावलं, यकृत सुजलंय, दारूचा थेंबही नको. सासूबाईंनी मात्र कावीळ उतरवणाऱ्या बुवाला बोलावलं.

बुवानं नवऱ्याच्या हातांना कसल्याशा सालीचा रस चोळला आणि ते चुन्याच्या निवळीनं धुतले. परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. कावीळ निघाली म्हणून सगळे बुवाच्या पाया पडले. माझं डोकंच फिरलं. बुवाच्या वाटीतला रस मी माझ्या धडधाकट हातांना चोळला आणि दुसऱ्या परातीत त्याच्याच निवळीनं ते धुतले. पाणी तस्संच पिवळं!

"पाहा आता!" मी ओरडले. "मले कुठं कावीळ हाये?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अवो माय, तुले बी झाली! बुवाजी, हिची बी उतरवा."

बायकांनी मला दाबून बसवलं. बुवा माझे हात धूत राहिला आणि बरा झालेला माझा नवरा पागोटं बांधून दारूच्या दुकानाकडे निघाला.