सरकत्या जिन्याची पायरी

उन्हं तापली की मी आमच्या भागातल्या मॉलमध्ये फिरायला जातो. खरेदी क्वचितच होते. गारव्यात चार फेऱ्या मारतो, माणसं बघतो. परवा सरकत्या जिन्यापाशी नऊवारीतल्या एक आजी थबकल्या होत्या, सोबत त्यांची सून. आजींनी वाकून पायरीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि पाय उचलला, तोवर ती पायरी वर निघून गेली होती. मग त्या पुढच्या पायरीसाठी वाकल्या. तीही गेली. मागे रांग वाढली, पण कुणी कुरकुरलं नाही.

"आई, एकीला केलेला नमस्कार सगळ्यांना पोचतो," सून हळूच म्हणाली.

आजींना ते पटलं. सुनेचा हात घट्ट धरून त्या चढल्या आणि काचेच्या उंच छताकडे बघत वर वर गेल्या.

इतकी वर्षं मी या जिन्यावर फोनमध्ये डोकं घालून चढलोय. अख्खं अनोळखी शहर तो दिवसभर पाठीवर घेतो, हे कधी जाणवलंच नाही. माझी पाळी आली तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.